तांब्यावरचे चेहरे : बरोक काळातील कोरीव व्यक्तिचित्रांचा परिचय

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत युरोपातल्या नामांकित माणसांचे चेहरे बहुतेकांनी पाहिले, ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांतून. राजाचे तैलचित्र राजवाड्यात टांगलेले असे आणि तिथवर पोहोचणारे थोडे. नाण्यावरची छबी नखाएवढी. तांब्याच्या एका पत्र्यावरून मात्र शेकडो ठसे काढता येत. ते दुकानात सुटे विकले जात, ग्रंथाच्या आरंभी बांधले जात, पत्रासोबत परगावच्या मित्राला भेट म्हणून जात. सेनापती, धर्मोपदेशक, वैद्य, कवी, छापखानेवाला, सावकार अशा कितीतरी जणांचा चेहरा अनोळखी माणसांच्या हाती पडू शकतो, ही गोष्ट याच काळात अंगवळणी पडली.

या चित्रांकडे पुढे दोन चुकीच्या दृष्टींनी पाहिले गेले. इतिहासकारांनी ती पुस्तकात डकवण्यापुरती वापरली; अमका माणूस असा दिसत होता, एवढेच त्यांतून घेतले. कलासमीक्षकांनी त्यांना मोठ्या चित्रकारांच्या तैलचित्रांच्या नकला ठरवून बाजूला सारले. दोघांच्याही नजरेतून जी निसटली ती रेषा. रंग नाही, राखाडी छटाही नाही. हाताशी आहे फक्त काळी शाई आणि पांढरा कागद. तेवढ्यावर गालाची मऊ त्वचा, चिलखताची लकाकी, रेशमाची चुणी आणि पिकलेले केस वेगवेगळे ओळखू यावेत, अशी एक पुरी भाषा या कारागिरांनी दीडशे वर्षांत घडवली. प्रस्तुत ग्रंथाचा विषय ही भाषा आहे.

छापील व्यक्तिचित्र बरोक काळाच्या आधीही होते. आल्ब्रेख्त ड्युररने १५२० च्या दशकात विलिबाल्ड पिर्कहायमर आणि इरॅस्मस यांची चित्रे तांब्यावर कोरली. लुकास क्रानाखने १५२० मध्ये कोरलेला भिक्षुवेषातला मार्टिन ल्यूथर धर्मसुधारणेच्या गदारोळात घरोघर पोहोचला. इटलीत कोमो येथे पाओलो जोव्हिओने थोरामोठ्यांच्या चित्रांचा संग्रह उभारला होता. त्यावरून केलेले लाकडी ठसे १५७० च्या दशकात बाझलला ग्रंथरूपाने छापले गेले. अँटवर्पमध्ये हिरोनिमस कॉक या प्रकाशकाच्या पेढीने १५७२ मध्ये नेदरलँड्सच्या चित्रकारांची चित्रमालिका काढली आणि प्रत्येकाखाली लॅटिन पद्य छापले. चित्रकाराचा चेहराही विकत घेण्याजोगा असतो, हे त्या मालिकेने दाखवून दिले. पुढच्या शतकात जे बहरले त्याची बीजे इथे आहेत. पण या चित्रांतली रेषा अजून आखडलेली आहे. ती आकाराची कड सांगते, सावली भरते आणि थांबते.

रेषा मोकळी कशी झाली हे कळण्यासाठी आधी काम कसे चाले ते पाहायला हवे. कोरक तांब्याचा पत्रा घोटून आरशासारखा करी आणि वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवी. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे ब्यूरिन ही कोरणी : पोलादाची चौकोनी बारीक सळई, टोक तिरपे घासलेले, मागे तळहातात मावेल अशी लाकडी मूठ. ती पुढे ढकलली की तांब्याची बारीक तार सोलून निघते आणि मागे इंग्रजी व्ही अक्षराच्या छेदाची चर उरते. हात जड पडला की चर खोल होते आणि तितकीच रुंदही. हलका झाला की ती केसासारखी बारीक होत विरून जाते. वळणदार रेषेसाठी हात वळवायचा नसतो. कोरणी जवळजवळ स्थिर धरून उशीवरचा पत्रा फिरवायचा. चरीच्या कडेला उभे राहिलेले तांबे खरवडून काढायचे. मग पत्र्यावर घट्ट शाई चोळायची, वरची शाई आधी चिंधीने आणि शेवटी तळहाताने पुसायची, म्हणजे ती चरींतच उरते. ओला कागद आणि त्यावर लोकरी कापड ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढला की कागद चरींतली शाई उचलून घेतो. चित्र उलटे छापले जाते. कोरकाने मूळ चित्र आधी आरशातल्यासारखे उलटवून घेतले नसेल, तर सरदाराची तलवार भलत्याच कमरेला लटकलेली दिसते, आणि अशा तलवारी या काळात पुष्कळ सापडतात.

दुसरी पद्धत अम्लरेखनाची. यात पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यात सुईने रेखाटतात आणि उघडे पडलेले तांबे अम्लाला खाऊ देतात. हात कागदावर चालावा तसा इथे मोकळा चालतो, म्हणून ही पद्धत चित्रकारांना जवळची वाटली. धंदेवाईक कोरकांनी तिचा उपयोग बहुधा पायाभरणीसाठी केला : आराखडा अम्लाने, शेवटचा हात कोरणीचा. पॅरिसच्या आब्राम बॉसने १६४५ मध्ये या विद्येवर पुस्तक लिहिले. अम्लाने खाल्लेली रेषा कोरणीच्या रेषेसारखी स्वच्छ कशी दिसेल, ही त्याची मुख्य काळजी होती. व्यवसायात वरचढ मान कोणत्या रेषेला होता, ते यावरून कळते.

कोरणीच्या रेषेला तो मान हेंड्रिक गोल्ट्झिउसने मिळवून दिला. हार्लेममध्ये काम करणाऱ्या या माणसाचा उजवा हात तान्हेपणी भाजला होता आणि बोटे पुरती सरळ होत नसत. त्या आखडलेल्या हाताचेच त्याने १५८८ मध्ये लेखणीने चित्र काढले. ते आज हार्लेमच्या टायलर्स संग्रहालयात आहे. त्याने रेषेला फुगायला आणि बारीक व्हायला शिकवले. गालाच्या गोलाईवरून जाणारी समांतर रेषांची झुंड सावलीत जाताना जाड होते, उजेडात येताना विरते, आणि त्या दोन टोकांच्या मध्ये नजरेला गोलाई जाणवते. दुसरी झुंड पहिलीला तिरकी छेदते आणि मधल्या चौकटींत टिंबे पडतात. विचारवंत कोर्नहर्ट हा त्याचा या कलेतला गुरू. त्याचे मोठे चित्र गोल्ट्झिउसने १५९० च्या सुमारास कोरले. म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या सुरकुत्या आणि दाढीचा विस्कटलेला केस एकाच हत्याराने, पण दोन वेगळ्या चालींनी आलेला तिथे दिसतो. गोल्ट्झिउसचे शिष्य याकोब माथाम आणि यान मुलर यांनी ही चाल पुढे इतकी ताणली की काही ठिकाणी माणूस मागे पडून रेषांचा खेळच समोर येतो.

अँटवर्पने या कसबाला शिस्त लावली. पीटर पॉल रूबेन्सला आपल्या चित्रांचे ठसे आपल्या देखरेखीखालीच निघायला हवे होते. त्याने १६२० च्या आसपास निरनिराळ्या सत्तांकडून नकलांविरुद्ध संरक्षण मिळवले आणि लुकास व्होर्स्टरमान या तरुण कोरकाला घडवले. पुढे दोघांत इतके बिनसले की व्होर्स्टरमान इंग्लंडला निघून गेला. मात्र या कार्यशाळेतून तयार झालेल्या हातांनीच बरोक व्यक्तिचित्रांचा सर्वांत महत्त्वाचा संच घडवला. तो रूबेन्सचा नव्हता, अँटनी व्हॅन डाइकचा होता.

‘आयकोनोग्राफी’ या नावाने ओळखला जाणारा हा संच १६३० च्या दशकात आकाराला आला. मार्टिन व्हान डेन एन्डेन या प्रकाशकाने त्यातली ८० चित्रे काढली : १६ राजे आणि सेनानी, १२ मुत्सद्दी आणि विद्वान, आणि तब्बल ५२ कलावंत व कलासंग्राहक. हे प्रमाणच बोलके आहे. राजांच्या पंगतीला चित्रकार बसले, आणि संख्येने त्यांच्या तिप्पट. व्हॅन डाइक खडूची रेखाटने किंवा छोटी एकरंगी तैलचित्रे करून देई. व्होर्स्टरमान, पाउलुस पोंटिउस, स्केल्टे बोल्सव्हर्ट यांच्यासारखे कोरक ती पत्र्यावर उतरवत. चित्रातली माणसे सहसा अर्धाकृती, अंग किंचित वळलेले, एक हात झग्याच्या घडीत किंवा छातीशी. पुढची शंभर वर्षे युरोपभर माणसाने चित्रात कसे उभे राहावे याचा नमुना इथून घेतला गेला.

याच संचातले काही पत्रे व्हॅन डाइकने स्वतः अम्लरेखनाने केले, आणि आजच्या डोळ्यांना तेच सर्वांत जिवंत वाटतात. त्याच्या आत्मचित्रात कोऱ्या कागदावर फक्त डोके आहे. मान वळवून तो पाहतो आहे, केसांच्या बटा चार झटक्यांत आल्या आहेत, गळपट्टीची जेमतेम एक रेषा आहे आणि त्याखाली काहीच नाही. तत्कालीन ग्राहकाला हे अपुरे वाटले असावे. व्हॅन डाइक १६४१ मध्ये वारला आणि १६४५ मध्ये गिलिस हेन्ड्रिक्सने १०० चित्रांची आवृत्ती काढली, तेव्हा याकोब नेफ्स या कोरकाने त्याच पत्र्यावर त्या डोक्याखाली दगडी अर्धपुतळ्याचे खांदे आणि चबुतरा कोरून त्याचे मुखपृष्ठ बनवले. दोन्ही ठसे शेजारी ठेवले तर डोके तेच आहे, पण एकात माणूस आहे आणि दुसऱ्यात स्मारक. पत्रा एकदा विकला की तो कुणाच्याही हाती जाई आणि तिथे चित्रकाराचा शब्द चालत नसे.

उत्तरेकडच्या डच प्रजासत्ताकात गिऱ्हाईक वेगळे होते. तिथे दरबारापेक्षा शहरे मोठी होती आणि पाद्री, प्राध्यापक, आरमाराचे अधिकारी यांच्या चित्रांना मागणी होती. डेल्फ्टचा विलेम डेल्फ आपला सासरा मिखिल व्हान मिरव्हेल्ट याच्या चित्रांवरून नेमके आणि शांत ठसे काढी. ते घरच्या घरात जुळलेले उत्तम दुकान होते. हार्लेमच्या योनास सुइडरहूफने फ्रान्स हाल्सची चित्रे कोरली. हाल्सच्या कुंचल्याचे फटकारे कोरणीने आणणे जवळपास अशक्य, तरी त्याने कोरलेला देकार्त त्या तत्त्ववेत्त्याचा ओळखीचा चेहरा होऊन बसला. कॉर्नेलिस व्हिशर अवघ्या तिशीत गेला, पण गेलिउस दे बाउमा या वृद्ध धर्मोपदेशकाची पांढरी दाढी त्याने जशी कोरली तिला तोड नाही. उट्रेक्टमध्ये क्रिस्पेन दे पासचे अख्खे कुटुंब या धंद्यात होते. मुलगी माग्दालेना भावांच्या बरोबरीने पत्रे कोरी. ‘उट्रेक्टची विदुषी’ म्हणून युरोपभर नाव झालेल्या आना मारिया व्हान शुर्मनला कोरकाम तिनेच शिकवले, आणि शुर्मनने १६३३ मध्ये स्वतःचा चेहरा स्वतः कोरला. मुलगा सिमोन लंडनला गेला. तिथे १६१६ मध्ये त्याने व्हर्जिनियाहून आलेल्या पोकाहोंतासचे चित्र कोरले. उंच टोपी आणि झालरीची गळपट्टी घातलेली ही तरुणी दुसऱ्याच वर्षी इंग्लंडच्या भूमीवर वारली. तिचा डोळ्यांदेखत काढलेला चेहरा आपल्यापर्यंत आला तो या एका ठशामुळे.

रेम्ब्रान्ट या सगळ्यांच्या पलीकडे उभा आहे. त्याने अम्लरेखनात कोरडी सुई (अम्लाविना थेट तांब्यावर ओरखडणारी) आणि कोरणी यांची मिसळ केली, ठशाठशाला शाई कमीजास्त केली, आणि पत्रा बदलत बदलत त्याच्या अनेक अवस्था छापल्या. १६४७ च्या चित्रात यान सिक्स खिडकीला टेकून वाचतो आहे. खोली अंधारी, उजेड फक्त त्याच्या चेहऱ्यावर आणि हातातल्या कागदांवर. इथे रेषा ओळखूच येत नाहीत, काळोखाचा मखमली पोत तेवढा उरतो. तो पत्रा आजही सिक्स घराण्याकडे आहे. पण रेम्ब्रान्टला मापदंड मानून इतरांना मोजण्याची सवय एकोणिसाव्या शतकाने लावली आणि तिने या क्षेत्राचे नुकसान केले. तो अपवाद होता. धंद्याची मुख्य वाट त्याच्या दारावरून जात नव्हती.

ती वाट पॅरिसला गेली. क्लोद मेलां रोममध्ये बारा वर्षे काढून १६३६ मध्ये फ्रान्सला परतला. एका रेषेला दुसरीने छेदायचे नाही, हा त्याचा हट्ट. सगळी छाया समांतर रेषांच्या जाडीवरच उभी. या हट्टाचे टोक म्हणजे १६४९ चे ख्रिस्तमुखाचे चित्र. नाकाच्या शेंड्यापासून एक रेषा निघते, जिलबीसारखी गोल गोल फिरत बाहेर जाते, आणि जिथे डोळा, ओठ किंवा काट्यांचा मुकुट हवा तिथे तेवढी जाड होते. अख्खा चेहरा एका रेषेत आहे. हे व्यक्तिचित्र म्हणता येत नाही आणि त्याची गणना चमत्कृतीत करणारेही आहेत. पण या काळातल्या कोरकांना आपल्या हत्याराकडून काय हवे होते, ते दुसऱ्या कोणत्याही पानापेक्षा इथे स्वच्छ दिसते. त्याचा समकालीन झां मोरँ उलट्या दिशेने गेला. फिलिप द शांपेन्यच्या चित्रांतले चेहरे तो अम्लाच्या बारीक टिंबांनी भरी आणि त्यामुळे त्वचेला मऊपणा येई.

या दोन्ही वाटा एका हातात आल्या त्या रोबेर नांतय याच्या. रॅंसला १६२३ मध्ये जन्मलेला हा माणूस पॅरिसला आला आणि तीस वर्षांत त्याने दोनशेहून अधिक व्यक्तिचित्रे कोरली. त्याचे वैशिष्ट्य असे की बहुतेक वेळा तो दुसऱ्याच्या चित्रावरून काम करीत नसे. माणसाला समोर बसवून तो स्वतः रेखाटन किंवा पेस्टल करी आणि त्यावरून पत्रा कोरी. चौदाव्या लुईने त्याला १६५८ मध्ये राजाचा चित्रक आणि कोरक नेमले. १६६० मध्ये सँ-झां-द-ल्यूझ इथून निघालेल्या राजाज्ञेने कोरकाम ही मुक्त कला ठरली आणि कोरकांच्या मानेवरचे कारागीर-संघांचे जोखड टळले. या आज्ञेमागे नांतयचे वजन होते, असे परंपरा सांगते.

नांतयचा ठरलेला साचा अगदी साधा : लंबगोल चौकट, खाली दगडी पट्टी, पट्टीवर नाव आणि कुलचिन्ह, आत छातीपर्यंतचा माणूस. साचा बदलत नाही म्हणूनच नजर चेहऱ्यावर जाते. जवळून पाहिले तर कपाळावर आणि गालावर रेषा जवळजवळ नाहीतच. आखूड तुटक खुणा आणि टिंबे आहेत, त्वचेच्या वळणाने मांडलेली. झग्यावर आल्यावर रेषा लांब आणि ठाम होतात. गळ्यावरच्या लेसची जाळी काळ्या रेषांनी काढलेली नाही. भोवतीची छाया भरून मधला कागद कोरा सोडला आहे. अर्थमंत्री निकोला फुकेचे चित्र त्याने १६६१ मध्ये कोरले. पापण्या किंचित जड, ओठांवर येऊ पाहणारे हसू, सत्तेला सरावलेला माणूस. त्याच वर्षी सप्टेंबरात राजाने त्याला अटक करवली आणि उरलेले आयुष्य त्याने बंदिवासात काढले. नांतय त्याची जागा घेणाऱ्या कोलबेरलाही तितक्याच समतोल हाताने कोरतो. त्याच्या चित्रांत राजकारण शोधणाऱ्याच्या हाती थोडेच लागते. माणूस शोधणाऱ्याला पुष्कळ मिळते.

त्याच्यानंतरच्या पिढीत कसब वाढले आणि संयम सुटत गेला. अँटवर्पहून १६६६ मध्ये आलेल्या जेरार एदेलिंकने फ्लेमिश रेषेची ऊब पॅरिसला आणली. त्याने १६७६ मध्ये कोरलेले शांपेन्यचे चित्र या काळातल्या पहिल्या पाचांत बसावे. आंत्वान मासाँने पिकल्या केसांच्या ब्रिसासियेचे डोके असे कोरले की बट न् बट मोजता यावी, पण त्या नादात खालचा चेहरा थोडा कमी पडतो. पिएर द्रव्हे आणि त्याचा मुलगा पिएर-अँबेर यांनी इयासँत रिगोच्या भव्य चित्रांना हात घातला. मुलाने १७२३ मध्ये कोरलेला बिशप बोस्युए म्हणजे कोरणीच्या सामर्थ्याची हद्द. लेस, रेशीम, ग्रंथ, पडदा, प्रत्येकाची रेषा वेगळी आणि प्रत्येक अचूक. चेहरा या सरंजामात उरतो एवढेच. इथून पुढे ही शैली वाढायला जागा नव्हती.

इटलीत हा प्रकार तुलनेने लहान राहिला. रोममध्ये ओत्ताव्हिओ लिओनीने १६२० च्या दशकात कलावंत आणि कवींचे छोटे ठसे केले, त्यात तरुण बर्निनी आहे. आणि गॅलिलिओच्या सूर्यडागांवरील १६१३ च्या ग्रंथात फ्रान्चेस्को व्हिल्लामेनाने कोरलेले त्याचे चित्र आहे. जर्मन प्रदेशात तीस वर्षांच्या युद्धाने कार्यशाळा मोडल्या, तरी ऑग्सबर्गचे किलियान आणि न्यूरेंबर्गचे सांड्रार्ट ही घराणी टिकली. त्या युद्धाचा शेवट करणाऱ्या वेस्टफालियाच्या वाटाघाटींतले वकील आन्सेल्म व्हान हुलेने रंगवले आणि त्यांचे ठसे निघाले. तह केलेल्या माणसांचे चेहरे इतक्या पद्धतशीरपणे छापून जपण्याचा हा आधुनिक युरोपातला पहिला मोठा प्रसंग म्हणावा लागेल.

इंग्लंडला देशी हात उशिरा मिळाले. शेक्सपिअरच्या १६२३ च्या नाट्यसंग्रहातला मार्टिन ड्रोशाउटचा ठसा जगातल्या सर्वांत परिचित चेहऱ्यांपैकी एक, आणि कारागिरी मात्र कच्ची : डोके धडावर ठेवल्यासारखे वाटते. विल्यम मार्शलने जॉन मिल्टनच्या १६४५ च्या कवितासंग्रहासाठी जे चित्र कोरले ते कवीला इतके नापसंत पडले, की त्याने चित्राखाली कोरण्यासाठी ग्रीक ओळी दिल्या. या चित्रात मी ओळखू येत नाही, अडाण्याच्या या नकलेला खुशाल हसा, असा त्यांचा आशय. मार्शलला ग्रीक येत नव्हते. त्याने ओळी इमानाने कोरल्या. याच मार्शलच्या हातून मात्र १६४९ मध्ये फाशाचा डाव पालटावा असे चित्र निघाले. शिरच्छेद झालेल्या पहिल्या चार्ल्सच्या नावावर आलेल्या ‘आयकॉन बॅसिलिके’ या पुस्तकात राजा गुडघे टेकून काट्यांचा मुकुट हाती धरतो. पुस्तकाच्या एका वर्षात तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या आणि राजसत्ता संपवणाऱ्यांना या एका पानाशी झगडावे लागले. विल्यम फेथॉर्नच्या रूपाने पुढे इंग्लंडला फ्रेंच वळणाचा खरा कसबी कोरक लाभला; त्याने १६७० मध्ये काढलेल्या मिल्टनने आधीच्या ठशाची भरपाई केली.

इंग्लंडने आपलेसे केले ते मेझोटिंट. हे तंत्र लुडविग फॉन झीगेनने १६४२ मध्ये हेसेन-कासेलच्या आमेलिया एलिझाबेथच्या चित्रासाठी प्रथम वापरले. पुढे ते दातेरी पात्याच्या हत्याराने होऊ लागले. सगळा पत्रा आधी खरखरीत करायचा, म्हणजे तो गर्द काळा छापतो. मग उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करायचा. काळ्यातून पांढऱ्याकडे जाणारी ही उलटी चाल सावल्यांना आणि रेशमाला फार मानवली. प्रिन्स रूपर्टने ती इंग्लंडात नेली आणि शतकाच्या अखेरीस जॉन स्मिथने गॉडफ्री नेलरच्या चित्रांवरून शेकडो ठसे काढून तिचा व्यापार केला. तोटा एकच : पत्रा लवकर झिजतो आणि चांगले ठसे थोडे निघतात. शिवाय इथे रेषा संपते. म्हणून मेझोटिंटचा उदय हा कोरणीच्या ऱ्हासाचाही आरंभ आहे.

हे ठसे कशासाठी घेतले जात, हा प्रश्न शैलीइतकाच महत्त्वाचा आहे. ग्रंथकाराचे चित्र ग्रंथाला विश्वासार्हता देई. पॅरिसच्या विद्यापीठात प्रबंधाचा जाहीर वाद घालणारा विद्यार्थी आश्रयदात्याचे मोठे चित्र छापून प्रबंधपत्राच्या माथ्यावर लावी, आणि नांतय, एदेलिंक यांची काही सर्वांत मोठी कामे अशा प्रसंगांसाठी झाली. शार्ल पेरोने १६९६ ते १७०० मध्ये आपल्या शतकातल्या थोर फ्रेंचांचे दोन खंड काढले, तेव्हा चरित्रांइतकेच वजन चित्रांना होते. संग्रहाचे वेडही याच काळातले. मिशेल द मारोल या मठाधिपतीने जमवलेले १,२३,००० हून अधिक ठसे १६६७ मध्ये राजासाठी विकत घेतले गेले आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ठसेविभाग त्यांवर उभा राहिला. इंग्लंडात जेम्स ग्रेंजरने १७६९ मध्ये छापील चेहऱ्यांच्या आधाराने चरित्रकोश रचला, आणि तो सजवण्यासाठी हौशी लोक जुन्या ग्रंथांतली चित्रे कापून काढू लागले. कितीतरी ग्रंथ त्यात नागवले गेले.

चेहरा खरा किती, हा संशय तेव्हाही होता. पिएर लोंबारने व्हॅन डाइकच्या धर्तीवर कोरलेला एक घोडेस्वार या बाबतीत प्रसिद्ध आहे. त्याच घोड्यावर, त्याच चिलखतात कधी क्रॉमवेल बसतो, कधी चौदावा लुई, कधी पहिला चार्ल्स. प्रत्येक वेळी पत्र्यावरचे आधीचे डोके खरवडून नवे कोरले; एका अवस्थेत तर धडावर डोकेच नाही. तांबे महाग होते आणि घोडा कोरायला महिने लागत, तेव्हा राज्य बदलले म्हणून घोडा कोण टाकून देणार?

भारताशी या कलेचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. गोव्याहून अकबराच्या दरबारी गेलेल्या पहिल्या जेझुइट मंडळींनी अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल १५८० मध्ये तिथे नेले. त्यातले आणि नंतर आलेले कोरीव ठसे मुघल चित्रकारांनी बारकाईने अभ्यासले. उलट दिशेने दख्खनी आणि मुघल लघुचित्रे डच व्यापाऱ्यांबरोबर ॲमस्टरडॅमला पोहोचली. रेम्ब्रान्टने अशा चित्रांवरून रेखाटने केली. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनच्या १७२४ ते १७२६ मध्ये निघालेल्या ईस्ट इंडीजवरील विशाल ग्रंथात मुघल बादशहांबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचेही कोरीव चित्र आहे, आणि विसाव्या शतकात वा. सी. बेंद्रे यांनी ते महाराष्ट्रापुढे आणले. त्या ठशाकडे साधन म्हणून पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तो चेहरा आधी दख्खनी कुंचल्यातून आणि मग डच कोरणीतून आला आहे. दोघांच्याही सवयी त्यात उतरल्या आहेत, आणि कोणता भाग कोणाचा हे ठरवण्यासाठी कोरणीचे व्याकरण यावे लागते.

अभ्यासाचा इतिहास मात्र असमान आहे. व्हिएन्नाच्या आडाम बार्चने १८०३ ते १८२१ मध्ये एकवीस खंडांची सूची केली, पण ती चित्रकार-कोरकांपुरती. दुसऱ्याच्या चित्रावरून कोरणारे तिच्या चौकटीबाहेर राहिले. मग छायाचित्रण आले आणि दुसऱ्याच्या चित्राची प्रत काढणे हे यंत्राचे काम ठरले. कोरकाचे श्रम एकदम जुनाट दिसू लागले. गेल्या काही दशकांत हे चित्र पालटते आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ पासून आपला संग्रह मोठ्या आकारात सर्वांना खुला केला आणि इतर संग्रहालयांनीही ती वाट धरली. पूर्वी भिंगाने पाहावे लागे ते आता कोणीही पडद्यावर पाहू शकतो. पण पडद्यावर ठशाचे मूळ माप कळत नाही, कागदावर उमटलेली पत्र्याची दाबखूण दिसत नाही, आणि पहिल्या शंभरांतला टवटवीत ठसा व झिजल्या पत्र्यावरचा फिका ठसा यांत फरक करणे अवघड जाते. साधने वाढली तशी ती वाचण्याची गरजही वाढली आहे.

प्रस्तुत ग्रंथ ती गरज डोळ्यांपुढे ठेवून रचला आहे. थोरांच्या चेहऱ्यांचे दालन हे त्याचे स्वरूप नाही, त्यामुळे कोणाचे चित्र घ्यायचे हे माणसाच्या कीर्तीवर न ठरवता पत्र्यावरच्या कामावर ठरवले आहे. काही राजे त्यामुळे गळले आणि काही अनाम पाद्री आत आले. प्रत्येक ठशाबरोबर शक्य तिथे एक तपशील मोठा करून दिला आहे : डोळ्याचा कोपरा, बाहीची चुणी, चौकटीची सावली. पत्र्याच्या अनेक अवस्था उपलब्ध असतील तिथे त्या शेजारी शेजारी छापल्या आहेत. मांडणी शहरांनुसार आहे. कारण कोरक देश बदलत, पण त्यांच्या चाली ज्या दुकानात शिकल्या तिथल्याच राहत. लाकडी ठसे आणि नाणी-पदके बाहेर ठेवली आहेत, आणि मेझोटिंटचा परामर्श त्याच्या पहिल्या अर्धशतकापुरताच आहे.

वाचकाने ठशाच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांकडे आधी पाहावे. नावापुढे ‘पिन्क्सिट’ असेल तर तो चित्रकार, ‘स्कल्प्सिट’ असेल तर कोरक, ‘एक्सकुडिट’ असेल तर पत्र्याचा धनी असलेला प्रकाशक. ‘आद विव्हुम’ म्हणजे माणूस समोर बसवून काढल्याचा दावा. तो नेहमी खरा नसे, कारण त्याने किंमत वाढे. प्रकाशकाचे नाव बदललेले दिसले तर पत्रा विकला गेला आहे आणि ठसा उशिराचा आहे, असे धरून चालावे. ग्रंथातील प्रत्येक चित्राखाली ही सर्व अक्षरे मुळाबरहुकूम देवनागरीत उतरवून दिली आहेत.